इफ्फतच्या गाण्याला ओ

"डाळिंबी दोन, निळा एक…"

मागावर बसून इफ्फत नक्षी गायची. शेजारी बसलेली धाकटी बहीण तूरान तेवढ्या गाठी मारून ओ द्यायची, "घातला!" ओ आल्याशिवाय पुढचे रंग गायचे नाहीत, अशी काशानच्या त्या गालिचाघराची रीत. दोघींचं बालपण तिथंच विणलं गेलं.

आता पार्किन्सननं इफ्फतचे हात थरथरतात, पाय उंबऱ्याशी रुततात, सकाळचं दुपारी आठवत नाही. तूरान आपल्या आबजीला, थोरल्या बहिणीला, न्हाऊ घालते, भरवते, रात्री कूस बदलून देते. मागच्या महिन्यात तिनंच तेहरानला भाच्याला, खुसरोला, गुपचूप फोन केला, "आईला घेऊन जा." इफ्फतला वाटतं, हे खूळ खुसरोचंच.

खुसरो आज दवाखान्याच्या दारात उभा होता. त्याची अट अशी: कुणाचा हात न धरता आई तिथवर चालत आली तर घरीच राहील. नाहीतर उद्या तेहरान.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं, सिपेहरी खानमनं, आधी तिला डोळे मिटून बसवलं. "श्वास कसा येतो-जातो बघा. तळव्याखाली जमीन कशी लागते?"

"गार. मोजे तूराननं धुवायला टाकलेत."

मग हातात तबक, तबकात चहाचा रिकामा पेला. "डोकं आणि पाय दोन्ही एकदम चालवायचे. चालताना काहीतरी म्हणत राहा."

इफ्फतनं घसा खाकरला. "डाळिंबी दोन, निळा एक…" एक पाऊल पडलं. आणि ती थांबली. पेला किणकिणत राहिला.

"पाय अडकले," खानम हळूच म्हणाली. खुसरोनं मान खाली घातली.

अडकले नव्हते. इफ्फत ओ यायची वाट बघत होती. ते एकट्या तूरानला कळलं. नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. तिची पाठ भरून आली होती. उद्यापासून रात्रभर झोप.

"घातला," तिच्या तोंडून गेलं.

इफ्फतचं पाऊल सुटलं. "पुढं पांढरा…"

"घातला."

एक गात, एक ओ देत, दार आलं.

"उशिरा ओ देतेस हल्ली!" इफ्फत धापा टाकत हसली. "मागावर पेंगतेस की काय? आणि सांग आता या शहाण्याला. म्हणे मला न्यायला आलाय!"

तूराननं तिच्या हातातलं तबक काढून घेतलं. ते बाजूला ठेवलं.

"त्याला नको बोलूस, आबजी. मीच बोलावलं त्याला. थकले गं मी."