हिरव्या सुटकेसचा हुकलेला प्रवास

मित्रांनो, कपाटावर धूळ खात पडलेल्या वस्तूकडे सांगण्यासारखं काही नसतं, असं वाटत असेल तर तो गैरसमज आधी काढून टाका. मी हिरव्या रंगाची, कडक पाठीची जुनी सुटकेस आहे. माझी मूठ तारेनं बांधलेली आहे आणि एका कोपऱ्याला पोचा आला आहे. तरीही माझ्याइतकी दणकट सुटकेस तुम्ही पाहिली नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते.

माझा जन्म एका गजबजलेल्या कारखान्यात झाला. अस्तर लावणाऱ्या बाईंनी माझ्या झाकणाला आतून चुणीदार कप्पा शिवला. टीप जरा वाकडी गेली, तर त्यांनी ती सगळी उसवून पुन्हा घातली. मला घेतलं एका तरुण मुद्रितशोधकानं. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका हुडकायच्या, हे त्याचं काम. त्याच्याबरोबर मी पुष्कळ हिंडले. हमाल मला खांद्यावर घेताना म्हणत, "वा, काय मजबूत आहे!" आणि मी मनात फुगून जाई.

पुढे हलक्याफुलक्या, चाकांच्या बॅगा आल्या. माझी रवानगी कपाटावर झाली आणि माझ्या पोटात जुने स्वेटर आले. तो तरुण आता आजोबा झाला होता. भाड्याच्या घरात ते, त्यांचा लिफ्ट दुरुस्त करणारा मुलगा, दातांच्या दवाखान्यात काम करणारी सून आणि दहा वर्षांची नात असे चौघे राहत. नात दिवसभर काही ना काही कुरतडत असे, म्हणून सगळे तिला खार म्हणत. हे घर घेताना घरमालकानं विमा काढायला लावला होता. सुनेनं सही केली, कागद माझ्या कप्प्यात सरकवले आणि म्हणाली, "चोरीबिरी झाली तर असू दे." पुढे तीन वर्षं त्या कागदांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

एका रविवारी दुपारी जेवणं आटोपून सगळे हात धुवायला उठले होते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला आणि स्वयंपाकघराचं छत धाडकन टेबलावर कोसळलं. माणसं थोडक्यात बचावली. सामानही बहुतेक सगळं भराभर ओढून कोरडं काढता आलं. पण तपासणीला आलेल्या अभियंत्यानं स्पष्ट सांगितलं, "छत आणि वायरिंग नवीन करावं लागेल. अडीच महिने इथे राहता येणार नाही."

आणि इथेच या शहाण्या माणसांची चूक झाली. सून म्हणाली, "सामान तर वाचलं. मग विमा मागायचा कशाचा?" मुलानंही मान डोलावली. मोडलं, जळलं किंवा चोरीला गेलं तरच विमा, असं दोघांच्याही डोक्यात पक्कं बसलं होतं.

माझ्यात आजोबांचे कपडे कोंबून सगळे खारीच्या मावशीकडे गेले. मावशी मायाळू होती, पण तिच्या दोन खोल्यांत तिचीच चार माणसं होती. आजोबांची खाट बोळात टाकली. न्हाणीघरात जाणारा प्रत्येक जण त्यांचे पाय ओलांडून जाई. चौथ्या दिवशी ठरलं की आजोबांनी दूरच्या गावी थोरल्या मुलाकडे जायचं. शनिवारच्या बसचं तिकीटही आलं.

"अडीच महिन्यांचाच तर प्रश्न आहे, बाबा," मुलगा खाली बघत म्हणाला.

"अरे, मी काय कुक्कुलं बाळ आहे? जातो की," आजोबा म्हणाले.

पण मला भरताना ते खारीला हळूच म्हणाले, "एकदा गेलेला म्हातारा परत येतोच असं नाही गं. त्याच्यावाचून चालायची सवय होते सगळ्यांना." खारीनं चावायचं थांबवलं. मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर मी माणसं फिरायला नेली होती, घरातून वजा करायला कधीच नेली नव्हती.

आजोबांचा चष्मा ठेवायला खारीनं माझ्या कप्प्यात हात घातला आणि ते कागद बाहेर आले. आता छापील मजकूर दिसला आणि आजोबांनी वाचला नाही, असं कधी झालंच नाही. औषधाबरोबरची चिठ्ठीसुद्धा ते दोन्ही बाजूंनी वाचत. "बघू, किती चुका ठेवल्यात," म्हणत ते लाल पेन्सिल घेऊन बसले. अकराव्या पानावर पेन्सिल थबकली.

"खारे, आईला बोलाव. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी सुनेला वाचून दाखवलं. विम्यात धरलेल्या कारणानं घर राहण्याजोगं उरलं नाही, तर दुसरीकडे राहण्याचा वाढीव खर्च कंपनी देईल.

"म्हणजे सामान वाचलं तरीही?" सुनेचे डोळे विस्फारले.

"सामानाचा इथे संबंधच नाही. आणि पाइप फुटणं त्यांच्या कारणांत आहे. नवव्या पानावर बघ."

कंपनीतल्या बाईंनी फोनवर नीट समजावलं. "अभियंत्यांचं पत्र पाठवा. दुरुस्ती होईपर्यंत तात्पुरत्या घराचं भाडं मिळेल. जेवण, कपडे धुणं, जाणंयेणं यांवर नेहमीपेक्षा जास्त जेवढं लागेल तेवढंच मिळेल, बरं का. नेहमीचं तुमचं तुम्हालाच करायचंय. मर्यादा ठरलेली आहे, आणि पावत्या जपून ठेवा. पण ताई, फोन पहिल्याच दिवशी करायचा ना!"

पत्र मिळवायला मुलानं दोन दिवस पायपीट केली. शनिवारची सकाळ उजाडली तरी मंजुरीचा पत्ता नव्हता. मी भरून दाराशी उभी होते. आजोबांनी बूट घातले. मुलानं माझी मूठ धरली, आणि फोन वाजला. सुनेनं ऐकून घेतलं, फोन ठेवला, माझ्याजवळ येऊन बसली आणि माझं झाकण उघडलं.

"बाबा, बूट काढा. मंजुरी आली," ती म्हणाली आणि रडू लागली. "मी एकदा तरी वाचायला हवं होतं हो."

"अगं, तू सही केलीस म्हणून तर मला वाचायला मिळालं," आजोबा म्हणाले. आणि वाकून ते बूट काढू लागले.

खारीच्या शाळेजवळच दोन खोल्यांचं घर मिळालं. पावत्या माझ्या कप्प्यात जमत गेल्या आणि मी त्यातली एकही हरवू दिली नाही. अकरा आठवड्यांनी आम्ही आमच्या घरी परतलो. नवं छत होतं, भिंतींना रंगाचा वास होता, आणि चौघे गेले होते ते चौघेच परत आले होते.

मित्रांनो, घरात अशी अडचण कुणावरही येऊ शकते. म्हणून तुमच्या आईबाबांना आजच विचारा, आपल्या घराचा विमा आहे का, आणि असला तर त्यात लिहिलंय काय? मला खुशाल सहलीला न्या, उन्हातान्हात आपटा, माझी काही तक्रार नाही. फक्त जागा पुरत नाही म्हणून घरातल्या एका माणसाचे कपडे माझ्यात भरू नका. एवढं एकच ओझं मला उचलवत नाही.