टोफूवर उमटलेलं भविष्य

दर पाच दिवसांनी येणाऱ्या क्लिवोनच्या बाजाराच्या दिवशी, भविष्य सांगणाऱ्या म्बाह वोंग्सोच्या, म्हणजे वोंग्सो आजोबाच्या, अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. सगळे टोफूची वाट बघत असायचे. टोफू माझाच. कारांगसारी गावात टोफू करणारी मी एकटीच, हे आधीच कबूल करून टाकते.

पद्धत अशी होती. आदल्या दिवशी पांढरीशुभ्र वडी म्बाहकडे द्यायची आणि मनातला प्रश्न सांगायचा. तो मंत्र म्हणत वडी आतल्या खोलीत न्यायचा आणि रात्रभर दगडाखाली ठेवायचा. सकाळी फडकं उलगडलं की वडीवर काळी अक्षरं! ती कुणालाच वाचता येत नसत. "पूर्वजांची लिपी आहे, सरळ बघाल तर डोळे जातील," असं म्हणत म्बाह वडीकडे पाठ करायचा आणि हातातल्या आरशात बघून वाचायचा. वाचून झालं की वडी तिथल्या तिथे खायची. ठेवली तर फळ उलटतं म्हणे. एवढी विद्वान मंडळी जमायची, पण पुरावा गिळताना कुणाच्या घशात अडकला नाही.

एकदा वडीवर आलं, 'मिरचीचे भाव भडकणार'. दुपारपर्यंत गावाने बाजारातली मिरची झाडून नेली आणि संध्याकाळी भाव खरंच भडकले. मग काय, म्बाहचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुढच्या बाजाराला आलं, 'प्राणिसंग्रहालयातून हत्ती पळाला'. आमच्या आसपास हत्ती फक्त शाळेच्या भिंतीवर आहे. तरी बाप्यांनी उसाच्या वाटेवर खड्डा खणला आणि त्यात आमचे गावप्रमुख पाक दिर्जो सायकलसकट पडले. "हत्तीचं संकट सायकलीवर निभावलं," म्बाह म्हणाला. नंतर आलं, 'परदेशी राणीचे आगमन'. गावाने कुंपणं रंगवली, पोरं झेंडे घेऊन तीन दिवस उन्हात उभी राहिली. शेवटी बदकं विकणारी एक बाई आली, तिलाच हार घातला. ती अजून जमिनीवर उतरलेली नाही.

मी घरी बसून हसायचे. बोलत मात्र नव्हते, कारण माझा टोफू दुप्पट खपत होता. धंदा चांगला चालला की माणसाला अक्कल जरा उशिराच सुचते.

मग वार्सिहची पाळी आली. ही माझ्या बहिणीची मुलगी, विशीतली. तिला क्षय झाला होता. आरोग्य केंद्राच्या गोळ्या चालू होत्या, दोन महिन्यांत खोकला कमी झाला होता, अंगावर थोडं मांसही आलं होतं. मी तिच्याकडे गेले तर ती भिंतीला टेकून धापा टाकत होती. हातातल्या फडक्यावर रक्त होतं.

"गोळ्या कुठायत गं?"

"तळ्यात टाकल्या. तीन आठवडे झाले."

"टाकल्या?"

"विषारी निघाल्या, मावशी. आरोग्य खात्याने बंदी घातलीय."

"कोण म्हणालं?"

"म्बाहने वाचलं. तुमच्याच टोफूवर आलं होतं की!"

मला लाज वाटली, फार लाज वाटली.

कारण यातली मेख मला पहिल्यापासून ठाऊक होती. माझ्या आईने एकदा तळलेला टोफू वर्तमानपत्रात बांधून दिला आणि गिऱ्हाईकाने सिनेमाची जाहिरात खाल्ली. तेल लागलं की छापील शाई कागद सोडते आणि वडीवर उलटी उमटते. तेव्हापासून आमच्याकडे फक्त केळीचं पान.

मी रद्दीवाल्या सामिरानकडे गेले.

"म्बाह रद्दी नेतो का रे?"

"नेतो ना! पण मोठ्या मथळ्यांचीच हवी असते त्याला. वाचनाची आवड दिसते."

"दिसते खरी," मी म्हटलं आणि त्याच्या ढिगात बसले. दिवसभर शिंकत शिंकत गोळ्यांच्या बंदीचा तोच मथळा असलेली दुसरी प्रत शोधून काढली.

क्लिवोनला म्बाहच्या भर अंगणात मी तेल चोळलेली वडी वर्तमानपत्राच्या त्या पानावर ठेवली आणि वर फळी टाकली.

"पाक दिर्जो, बसा हिच्यावर."

"मी? कशाला?"

"गावात वजनदार माणूस तुम्हीच."

ते खूश होऊन बसले. म्बाह ओरडला, "तुकिनेम, पूर्वज कोपतील!"

"कोपू देत की. मंत्र मी म्हटलेलाच नाही, तरी अक्षरं येतात का बघू."

भात शिजेल एवढ्या वेळाने पाक दिर्जोंना उठवलं. वडीवर काळी, वेडीवाकडी अक्षरं होती. वार्सिह पुढे आली. "हीच! माझ्या वडीवर हीच होती!"

मी म्बाहचा आरसा ओढून घेतला आणि तिच्यापुढे धरला. चार इयत्ता शिकलेली पोर घडाघडा वाचत गेली, 'त्या गोळ्या विषारी. आरोग्य खात्याची बंदी'.

"आता कागद वाच. मथळ्याखालचं बारीकही."

ती वाचायला लागली आणि मध्येच थांबली. "मावशी, या... या गुरांच्या जंतांच्या गोळ्या आहेत. आणि तारीख अकरा वर्षांपूर्वीची आहे."

म्बाह पुटपुटला, "पूर्वजांना जुनं-नवं सारखंच असतं."

"आणि माणूस-म्हैसही सारखीच का?" वार्सिह म्हणाली.

मागून एकजण म्हणाला, "पण मिरची तर खरी झाली होती!"

"अरे, आपणच सगळ्यांनी उचलली, मग भाव चढणार नाही तर काय होणार?" मी म्हटलं. तो बोटं मोजत बसला.

त्याच दुपारी वार्सिहला आरोग्य केंद्रात नेलं. नर्सबाई म्हणाल्या, औषध तोडलंय, आता पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात, आणि या वेळी जास्त महिने. मी म्बाहला शिव्या घालायला तोंड उघडलं, पण त्यातल्या निम्म्या माझ्या वाटणीच्या होत्या. मी माठातलं पाणी ओतून तिच्या हातात दिलं.

म्हणून सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर तो पोटात टाकण्याआधी उलटसुलट करून बघा. छापलेलं असलं तरी तारीख बघा, खालची बारीक अक्षरं वाचा. आजाराचं दवाखान्यात विचारा. आणि तुम्हाला लबाडी कळली असेल तर त्याच दिवशी बोला. माझ्या गप्प बसण्याची किंमत वार्सिहने भरली.