येशीच्या चुलीपाशी तडकलेला पेला

मित्रांनो, मला हात लावायला भिऊ नका. मी एक जुना लाकडी पेला आहे आणि एका बाईचे घर मी उजाड केले, असे म्हणतात. ते अगदीच खोटे नाही.

तवांगच्या वरच्या रानात मेपलच्या झाडाला आलेली मी एक गाठ होतो. लाकडाचे पेले कातणाऱ्या थुतानबाबांनी पायाने चाक फिरवत मला घडवले. आम्हा मोनपा लोकांत जो तो आपला पेला अंगरख्यात छातीशी बाळगतो आणि परक्या घरीही त्यातच पितो. गाठीच्या लाकडात विष पडले की ते तडकते, असे सगळे मानतात.

मला याकवाल्या न्गोदुपने घेतले. तो मला नेमाने अक्रोडाचे तेल चोळी. पण एका हिवाळ्यात त्याने अंथरूण धरले आणि मी चुलीवरच्या फळीवर विसरला गेलो. महिनोन्महिने धग खाऊन मी पार कोरडा पडलो.

बरा होताच तो मला घेऊन येशीकडे गेला, तिच्या मुलीला, पेमाला, आपल्या मुलासाठी मागणी घालायला.

"घ्या न्गोदुपदादा, गरम आहे. का कोरड्या तोंडानेच पोरगी न्यायचीय?" येशीने हसत माझ्यात लोणी घातलेली कढत दारू ओतली.

टच्च! काठापासून बुडापर्यंत मला तडा गेला.

"येशी, काय घातलंस यात?" न्गोदुपने अगदी हळू विचारले.

"लोणी, दादा. देवाशपथ, नुसतं लोणी!"

मला तिथेच टाकून तो निघून गेला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती. पण हे सांगायला मला वाचा कुठली?

त्यानंतर त्या घरी कुणी पाणीही प्यायले नाही. पेमा कंटाळून खिंडीपलीकडे निघून गेली. येशी रोज संध्याकाळी मला तेल चोळी, चटया अंथरी, चहा ओती आणि रिकाम्या चटयांना "या, बसा," म्हणे. माझ्यातला चहा हळूहळू संपे. तो तड्यातूनच गळतो, याची मलाही खात्री वाटेनाशी झाली.

एकदा थुतानबाबा वाटेत थांबले. त्यांनी मला उजेडात धरले.

"अगं, हा विषानं नाही तडकला. कोरडा पडला होता. तेव्हा तेल लावलं नव्हतं कुणी."

येशीला रडूच फुटले. "मग घ्या ना घोटभर, बाबा!"

थुतानबाबांनी आपला पेला काढला आणि तो तळहाताने झाकून धरला.

"आत्ताच पिऊन आलोय," ते म्हणाले.

येशीला जाऊन बारा वर्षे झाली. चूल कधीची थंड आहे, तरी संध्याकाळी चटया कुणीतरी अंथरतेच.

मित्रांनो, लाकडाला वेळेवर तेल लावत जा. आणि आता आलाच आहात, तर बसा, आपापले पेले काढा. त्यांवर हात मात्र ठेवू नका. ती ओतते आहे.