बिनमस्क्याचं लग्न

पायलचं लग्न आठवड्यावर आलं आणि आबांच्या पित्ताशयात खडे निघाले.

ऐकून आधी तिला रडू फुटलं. पण ऑपरेशन लग्नानंतर केलं तरी चालेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तिला इतकं हसू आलं की दवाखान्यात बसलेल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. त्या आठवड्यात तिचं असंच चाललेलं. रिक्षावाल्याने सुट्टे दिले तरी हसू, नाही दिले तरी हसू.

"पण तोवर तेल, तूप, लोणी, अंडी, मटण सगळं बंद," डॉक्टरांनी बजावलं. "साईचं दूध नको. शेंगदाणे, खोबरंसुद्धा नको."

"मग पोरीच्या लग्नात मी खाऊ काय?" आबा म्हणाले. "नवरा-नवरीवर टाकायची फुलं?"

पायल पुन्हा हसली. आबा नाही हसले.

पाणी खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस आयुष्यभर सकाळी एकच गोष्ट खात आलेला. तव्यावर भाजलेले दोन टोस्ट आणि वर दातांची रांग उमटेल एवढा मस्का. दुसऱ्या दिवशी आईने नुसता कोरडा टोस्ट समोर ठेवला, तेव्हा आबांनी तो ताटलीवर टकटक वाजवून बघितला.

"ही फरशी आहे," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून बसले. दुपारी जाहीर झालं की ते लग्नालाच येणार नाहीत. उपाशी माणसाने मांडवात मिरवायचं तरी कशाला?

आई वैतागली. पायलला मात्र सुट्टी होती, हातांना चैन नव्हती आणि डोक्यात नुसता वारा भरलेला. तिने ओढणी कमरेला खोचली. "आबा, उद्यापासून तुमचा टोस्ट माझ्याकडे."

पहिल्या दिवशी तिने काबुली चणे उकडून लिंबू, लसूण, जिरं घालून गुळगुळीत वाटले आणि टोस्टवर थापले. आबांनी एक घास घेतला, बराच वेळ चावला, मग पायलच्या धाकट्या भावाला हाक मारली.

"राजरत्न, रंगारी लांबी विसरून गेला काय रे?"

लग्नासाठी घराला नुकताच रंग दिलेला. राजरत्नने ती लांबी बोटाने चाटली, भिंतीवरचं एक भोक बुजवतोय असं नाटक केलं, आणि पायल ओट्याला धरून खाली बसली, इतकी हसली.

दुसऱ्या दिवशी तिने गॅसवरच टोमॅटो भाजला, पार काळा पडेपर्यंत. सोबत लसणाच्या पाकळ्या आणि एक मिरची. साल काढून सगळं हातानेच कुस्करलं, मीठ टाकलं, कोथिंबीर भुरभुरवली. टोस्ट कडक भाजला, नाहीतर रस पिऊन त्याचा लगदा होतो. आबांनी खाल्लं. आणि रिकामी ताटली पुढे केली.

त्या घरात ताटली पुढे येणं म्हणजे पदक होतं. आईने स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं आणि पायलने हवेत मूठ मारली.

मग खडवलीहून शकूआत्या आली आणि सगळं हाताबाहेर गेलं. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. "माझ्या भावाला टोमॅटोवर ठेवलंत होय?" म्हणत तिने पिशवीतून परसातली वांगी काढली, कोळशासारखी काळी होईपर्यंत भाजली, त्यात कांदा-मिरची-कोथिंबीर घालून भरीत केलं. वास असा सुटला की शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहिले. पायलने आधी चमच्याने चाखलं आणि तिचे डोळे बारीक झाले.

"आत्या, कूट!"

"कुठं?"

"कूट!"

"अगं पण कुठं?"

"भरतात कूट आहे, आत्या! शेंगदाण्याचं!"

"हां, ते होय," आत्या म्हणाली. "चिमूटभर गं. कुटाशिवाय भरीत करून मी माहेरी तोंड कसं दाखवू?"

तोवर राजरत्न जमिनीवर लोळत होता आणि आई डोळ्यांना पदर लावून खुदुखुदू हसत होती. आबांच्या मिशीतसुद्धा काहीतरी हललं. आत्याने फणफणत दुसरं भरीत केलं, बिनकुटाचं, वर लिंबू पिळून. आबांनी ताटली दोनदा पुढे केली. आत्या एवढी फुगली की दाराशी उभ्या शेजारणीलाही तिने एक टोस्ट खिलवला.

आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला काहीतरी सुचायला लागलं. कुणी लाल भोपळा वाफवून मिरपूड घातली, कुणी केळं कुस्करून दालचिनी. राजरत्नने बीट किसून चिंचेच्या पाण्यात मुरवलं. ते खाऊन आबांची जीभ जांभळी झाली आणि दिवसभर ते पाहुण्यांच्या लहान पोरांना जीभ काढून दाखवत फिरले. लग्नाला न येण्याचं पुन्हा कुणी काढलं नाही. त्यांनी तर नाहीच.

लग्नाच्या आदल्या सकाळी दारात नवरदेव उभा. टिटवाळ्याहून सुमित स्वतः आलेला, हातात स्टीलचा डबा. पायलला एकदम कुठे लपू असं झालं. ती दारामागे गेली आणि फटीतून बघायला लागली.

"जय भीम, आबा," सुमित म्हणाला. "मी केलंय. मटारचं."

आबांनी त्याला न्याहाळलं. या पोराला चहासुद्धा येत नाही हे त्यांना पायलनेच सांगितलेलं.

"तेल?"

"नाही."

"खोबरं?"

"नाही आबा."

"कूट?"

"आई शप्पथ नाही!"

"कुठं?" आत्या आतून ओरडली, आणि दारामागून पायलचं हसू फुटलं ते सगळ्यांना ऐकू गेलं.

आबांनी टोस्टवर तो हिरवागार लगदा पसरला. उकडलेले मटार, पुदिना, लिंबू आणि मिरच्या. मिरच्या किती, ते पहिल्या घासाला कळलं. आबा लालबुंद झाले, उचकी लागली, डोळ्यांतून पाणी आलं. सुमितचा चेहरा पांढराफटक.

"पाणी," आबा म्हणाले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "झकास. पण जावईबापू, पोरगी देतोय तुम्हाला. सूड कसला उगवताय?" आणि खो खो हसले. डॉक्टरांकडून आल्यापासून पहिल्यांदाच.

लग्नाच्या दिवशी हॉलवर पाहुण्यांसाठी उपमा होता. एका कोपऱ्यात आबांसाठी आत्याने शेगडी, तवा आणि डबे मांडलेले. मंगलविधी करायला आलेले वयस्कर भन्तेजी तिकडे वळले. त्यांनाही म्हणे तेलकट वर्ज्य होतं. आत्याने हात जोडले, भरताचा टोस्ट पुढे ठेवला. भन्तेजींनी शांतपणे संपवला आणि तितक्याच शांतपणे विचारलं, "आणखी आहे का?"

झालं! उपमा तसाच राहिला आणि शेगडीपुढे रांग लागली. राजरत्न ब्रेडसाठी दोनदा बेकरीत पळाला. रांगेत सुमितही होता, शेरवानीवर रुमाल बांधून, स्वतःच्याच मटारच्या टोस्टसाठी.

अखेर पांढऱ्या साडीत पायल स्टेजवर आली. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, प्रतिज्ञा सुरू झाल्या. गंभीरपणे म्हणायचं असं तिने ठरवलेलं. तेवढ्यात सुमित तिच्याकडे बघून हसला आणि त्याच्या पुढच्या दातावर पुदिन्याचं एक हिरवं पान चिकटलेलं दिसलं.

"सुखात आणि दुः..." पायल थांबली. तिने ओठ चावले. "दुः..." नाहीच झालं. फसकन हसू बाहेर पडलं. सुमितला काय झालं ते कळेना, म्हणून तो आणखी हसला, पान आणखी दिसलं. पुढच्या रांगेत आत्या फुटली, मग आई, मग पाठोपाठ सगळा हॉल.

पायलने घाबरून भन्तेजींकडे पाहिलं.

"हसतच म्हणा," ते म्हणाले. "काही बिघडत नाही."

तिने हसत हसत, तोल सावरत, शब्द अडखळत सगळ्या प्रतिज्ञा म्हटल्या. फुलांचा वर्षाव सुरू झाला. आबा दोन्ही मुठी भरभरून उधळत होते, इतक्या जोरात की अर्धी फुलं स्टेजवरून पार मागच्या पडद्यावर जाऊन आदळत होती.