उताणा हात

दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. सांगलीच्या एका धर्मार्थ दवाखान्यात, काळे पडदे लावलेल्या खोलीत, कवठे महांकाळकडचा मेंढका धुळा बुटक्या स्टुलावर बसला होता. मेंढरांसाठी बाभळीचा पाला पाडताना तो झाडावरून पडला आणि उजवं कोपर सुजून टम्म झालं. हाड नीट बसलं नाही तर कोपर आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कोपर आखडलं तर कातरी कशी धरायची आणि मेंढरांची लोकर कोण कातरणार? या काळजीनं धुळाला अन्न गोड लागत नव्हतं.

हाडांचे एक्स-रे फोटो काढणारे आप्पासो लष्करी दवाखान्यात हे काम शिकून आलेले. बुटकं स्टूल त्यांनी मुद्दामच दिलं होतं, म्हणजे खांदा टेबलाच्या उंचीला आला. कोपर काटकोनात वाकवून, अंगठा वर करून, हात फिल्मच्या चपट्या पेटीवर ठेवला. बाजूचा फोटो निघाला.

"आता समोरनं घ्यायचा. एका बाजूनं बघितलं तर मोडकं हाडबी धड दिसतं. हात पसरा."

धुळानं हात पोटाशी ओढला.

"दुखतंय व्हय?"

"दुखू दे. आमी कुणापुढं हात पसरत न्हाई."

दाराशी उभी असलेली त्याची बायको तानुबाई म्हणाली, "दुष्काळात निम्मी मेंढरं गेली, तवासुदीक ह्येंनी कुणाकडं पसाभर दाणं मागितलं न्हाईत. पर आवं, हितं फोटो त्येच मागत्यात, तुमी कुठं मागताय?"

धुळा हलला नाही. आप्पासोंनी दुसरं स्टूल ओढलं, शेजारी बसले आणि स्वतःचा हात टेबलावर उताणा टाकला.

"ह्यो माझाबी पसरला. आता दोघंबी मागणारं. देणारा कोण हाय हितं?"

धुळानं खोलीभर पाहिलं. वर नुसती फोटोच्या यंत्राची काळी नळी लोंबत होती.

"ह्यो काळा बाबा काय देणार?"

"कायबी न्हाई. नुसता बघतोय."

धुळाला हसू फुटलं आणि ताठरलेला दंड सैल पडला. आप्पासोंनी त्याचा तळवा हलकेच वर केला. सुजेमुळं हात पुरता सरळ होईना, तर मनगटाखाली फडक्याची घडी दिली.

"आता हलू नगा."

डॉक्टरांनी ओल्या फिल्म खिडकीच्या उजेडात धरल्या. बाजूच्या फोटोत हाड अखंड दिसत होतं. दुसऱ्यात मात्र एक तुकडा बाहेर सरकलेला.

"दोन्ही काढले ते बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "आजच बसवतो. कातरी धराल तुम्ही."

धुळा आप्पासोंकडं वळला.

"आप्पासो, तुमचं रान कुठं हाय?"

"वाळव्याजवळ, नदीकाठी. का वं?"

"दिवाळीमागनं आमची मेंढरं तिकडंच उतरत्यात. तुमच्या रानात बसवतो."

मेंढरं रात्री बसली की लेंडीखतानं रान सुधारतं, आणि त्याबद्दल शेतकरी मेंढक्याला धान्य देतो. आप्पासोंनी विचारलं, "ज्वारी किती घेणार?"

"एक दाणाबी न्हाई."

"असं फुकट कसं घ्यायचं, धुळाबा?" आप्पासो म्हणू लागले, पण हात पोटाशी ओढून बसलेला धुळा त्यांना आठवला.

"कवा येताय तेवढं सांगा," ते म्हणाले. "रान मोकळं ठेवतो."