गप्पूचा अबोला

त्या रविवारी दुपारच्या खेळाला माणसं हसली नाहीत, आणि विंगेत उभ्या असलेल्या ताईच्या हातातला चहा हातातच गार झाला.

तशी अगदीच हसली नाहीत असं नाही. इकडेतिकडे खसखस पिकत होती. पण जिथे एरवी नाट्यगृहाचं छप्पर उडायचं बाकी राहायचं, तिथे चिडीचूप. कोणीतरी खोकलं. मधल्या रांगेत एका बाईने पर्सची चेन लावली, ती विंगेपर्यंत ऐकू आली.

रंगमंचावर होता तो ताईचा धाकटा भाऊ. लोक त्याला गप्पू म्हणायचे. गप्पा मारतो म्हणून नव्हे, ऐन रंगात आला की मध्येच गप्प होतो म्हणून. "मामाने नवं कुलूप आणलं, दाराला लावलं, ओढून बघितलं, खूश झाला, आणि किल्ली..." इथे तो थांबायचा. मान जराशी खाली, ओठ मिटलेले, दिवे हळूहळू मंद. किल्ली घरातच राहिली हे पोरासोरांनाही कळलेलं असायचं, तरी कोपऱ्यातून एक हसू फुटायचं, मग दुसरं, आणि बघता बघता सगळं प्रेक्षागृह हसून लोटपोट. शेवटचा शब्द ऐकायला कोणी शुद्धीवर नसायचं. त्या एका थांबण्यावर गप्पू मोठा झाला होता. लहान-मोठे सगळे नकलाकार त्याची नक्कल करायचे आणि सपशेल आपटायचे.

गप्पूचं सगळं लिखाण ताईचं. एवढंच नाही, त्या थांबण्याची आईही आपणच, असं ती मानायची. नव्या कलाकारांना ती त्यावर व्याख्यानं द्यायची. श्वास किती रोखायचा, नजर कुठे ठेवायची, हसू पिकायला किती वेळ द्यायचा. पोरं माना डोलवायची.

आणि आज तेच थांबणं, तीच मान, तेच ओठ, पण हसू नाही.

तिचा पहिला संशय दिव्यांवर गेला. त्यांचे जुने लाइटवाले काका गेल्या महिन्यात वारले होते. पहिल्या खेळापासून दिवे त्यांच्याच हातात. खेळ आटोपून स्कूटरवरून घरी निघाले आणि चौकात ट्रकने उडवलं. घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या जागी आलेला माणूस नवा होता, म्हणून ताईने रिकाम्या प्रेक्षागृहात बसून त्याच्याकडून सगळं पुन्हा करून घेतलं. दिवे बिनचूक मंद होत होते. खरं तर काकांपेक्षा वेळेवर होत होते. काका नेहमी किंचित उशीर करायचे आणि विचारलं की म्हणायचे, "वायर सैल आहे."

मग ती मेकअप रूममध्ये गेली. गप्पू आरशासमोर बसून कापसाने तोंडाचा रंग काढत होता.

"दिव्यांचं काही नाही," ती म्हणाली. "तुझंही काही चुकलेलं दिसत नाही. मग घोडं पेंड खातंय कुठे?"

"त्यात काही नव्हतं आज, ताई."

"कशात?"

"थांबण्यात."

"थांबण्यात काय असणार? थांबणं म्हणजे काही नसणंच की. मी जन्मभर तेच शिकवतेय."

गप्पूने कापूस खाली ठेवला. "मी प्रार्थना करायचो त्या वेळी," तो म्हणाला.

ताईला वाटलं, नवा विनोद सुचलाय. ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. पुढचं वाक्य आलंच नाही.

"प्रार्थना?"

"हो."

"देवाची?"

"मग काय नगरपालिकेची?"

ती शेजारच्या खुर्चीत बसली. दोघांचं बालपण एका देवभोळ्या घरात गेलं होतं. कळायला लागल्यावर ताईने देवाला रामराम ठोकला आणि धाकट्याचा हात धरून त्यालाही बाहेर काढलं, अशी तिची पक्की समजूत होती. त्यांच्या खेळात देव यायचा तो चेष्टेपुरता. आणि हा पठ्ठ्या हजार माणसांसमोर, तिनेच लिहिलेल्या वाक्याच्या पोटात शिरून, रोज हात जोडत होता.

"काय मागायचास?" तिने विचारलं.

"समोर आलेत तेवढे सगळे सुखरूप घरी पोचू देत. बस. मनातल्या मनात रांगेरांगेने सगळ्यांवरून नजर फिरवायचो. मग विंगेतली माणसं, मग तू, मग वर दिव्यांपाशी काका." त्याने रंगाच्या डबीला झाकण लावलं. "त्या दिवशीही मागितलं होतं. नाव घेऊन."

खोलीत पंखा कुरकुरत होता. ताईला काहीतरी शहाणपणाचं बोलायचं होतं. अपघात म्हणजे अपघात, त्यात कोणाच्या मागण्या-न मागण्याचा काय संबंध. पण तिने नुसता रंगाळलेला कापूस उचलून डब्यात टाकला.

"तेव्हापासून अबोला धरलाय मी त्याच्याशी," गप्पू म्हणाला. "थांबतो तेव्हा आत नुसता पोकळ वासा. लोकांना कळतं गं. कसं कळतं देव जाणे." मग स्वतःचंच बोलणं ऐकून त्याने तोंड वाकडं केलं.

"आईला माहीत आहे हे?"

"तिनेच तर शिकवली मला ती प्रार्थना."

ताई तशीच उठली आणि आईकडे गेली. आई गॅलरीत ऊन खात मटार सोलत होती. वय झालं होतं, पण बोटं भराभर चालत होती. ताईने चपलाही न काढता विचारलं, "तुम्ही दोघांनी मिळून मला इतकी वर्षं अंधारात का ठेवलंत?"

"आधी चपला काढ," आई म्हणाली. "अंधारात कोणी ठेवलं नाही. तू चिडवलं असतंस, म्हणून सांगितलं नाही एवढंच."

"मी चिडवलं असतं?"

"पुढच्या खेळात नक्कल करून घेतली असतीस त्याच्याकडूनच."

ते शंभर टक्के खरं होतं. ताईने चपला काढल्या.

"आई, तो खचलाय. देवाशी बोलत नाही म्हणतो."

"मला म्हणाला. धरू दे अबोला." आईने एक किडकी शेंग बाजूला टाकली. "परक्या माणसाशी कोणी अबोला धरतं का? तुझं बघ. तू धरलायस का कधी? तुझी ओळखच नाही, तर भांडशील कशी?"

ताईला ते बोलणं लागलं. रागही आला. परत येताना बसमध्ये ती विचार करत राहिली. जगाने डोक्यावर घेतलेलं तिचं सगळ्यात मोठं काम तिचं नव्हतंच. तिने ओळी लिहिल्या होत्या, पण त्या ओळींना जीव ज्याने दिला ते तिच्या लेखी थोतांड होतं. लोकांना सांगितलं तर तिची छी-थू होईल की कीव करतील, हेही तिला ठरवता येईना.

पुढच्या काही खेळांत तिने थांबण्याची जागाच काढून टाकली. वाक्यं भरभर, एकामागून एक, श्वास घ्यायला उसंत नाही. लोक हसत. पण घरी जाताना "गप्पूची तब्येत बरी नाही का?" असं दरवानाला विचारून जात.

मग काकांच्या आठवणीचा खेळ आला. कल्पना ताईचीच. काकांची बायको पहिल्या रांगेत मधोमध बसली होती. गावाहून आलेल्या आपल्या भावाच्या शेजारी. लग्न झाल्यापासून काकूंनी नवऱ्याचं काम कधी पाहिलं नव्हतं, कारण ते काम प्रेक्षकांच्या डोक्यावर, काळोखात चालायचं. गप्पूने आल्याआल्या त्यांना नमस्कार केला आणि ठरल्याप्रमाणे सुरुवात केली. मामा आला, कुलूप आलं.

"...ओढून बघितलं, खूश झाला, आणि किल्ली..."

आणि तो थांबला.

ताईने ते थांबणं काढून टाकलं होतं. दिव्यांवरच्या नव्या माणसालाही अंदाज नव्हता, त्याने दिवे तसेच लख्ख ठेवले. गप्पूने मान खाली घातली नाही. वर केली. दिव्यांच्याही वर कुठेतरी बघत तो साध्या, घरातल्या आवाजात म्हणाला,

"मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं."

पुढच्या रांगांतली काही माणसं तो बघत होता तिकडे वर बघू लागली.

"रोज तुझ्या हवाली करायचो मी ही माणसं. कधी पावती मागितली नाही. म्हटलं, मोठा माणूस आहे, लक्ष ठेवील. आणि तू काय केलंस? एक माणूस, घराच्या दारात आलेला, तोही तुला धडपणे आत सोडता आला नाही? आमचा मामा किल्ली आत विसरला म्हणून आम्ही हसतो. तू तर अख्खा माणूस हरवलास."

मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले आणि पाय आपटत निघून गेले. ताईने पडदा ओढणाऱ्याकडे पाहिलं. त्याने दोरी हातात घेऊन ठेवली होती, डोळे विस्फारलेले. ओढू का, असं त्याने मानेनेच विचारलं. तिला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. काकूंचा चेहरा तिला दिसत होता आणि तो दगडासारखा होता.

"बरं, नेलंस तर नेलंस," गप्पू म्हणाला. आवाज फाटला होता, पण तो बोलत राहिला. "पण एक ऐक. त्यांना तिथे सूर्यावर बसवू नकोस. रोज पहाट उशिरा होईल. आणि विचारलंस तर म्हणतील, वायर सैल आहे."

काकू हसल्या.

आधी नुसते खांदे हलले, आणि ताईला वाटलं, रडताहेत. मग आवाज फुटला. मोठा, खणखणीत, लाज सोडून. "अगदी असंच म्हणायचे," त्या भावाला म्हणाल्या, "घरचा बल्ब बदलायला सांगितला तरी असंच." शेजारचे हसले, मग त्यांच्या मागचे. हसू रांगेरांगेने मागे सरकत गेलं आणि ते कितीतरी वेळ थांबेना. माणसं हसत होती आणि डोळे पुसत होती. पडदेवाल्याने दोरी सोडली आणि शर्टाच्या बाहीला नाक पुसलं.

ताई विंगेतल्या पेटाऱ्यावर बसली होती. तिने आयुष्यभर हसू पिकवलं होतं. ते असं, मोकळ्या जखमेतून, येताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला त्याची भीती वाटली.

खेळानंतर तिने विचारलं, "झाला समेट?"

"नाही," गप्पू म्हणाला. "समेट कसला? पण बोलणं सुरू झालं."

पुढे बराच गदारोळ झाला. भाविकांनी म्हटलं, याने देवाला भर सभेत जाब विचारला. देव न मानणाऱ्यांनी म्हटलं, गप्पू कामातून गेला, आता कीर्तनं करणार. दोन्हीकडून शिव्या खाणारा माणूस सहसा खरं बोलत असतो, असं आई म्हणाली आणि आयुष्यात पहिल्यांदा खेळाला आली. परत जाताना एवढंच म्हणाली की खुर्च्या फार टणक आहेत.

ते भांडणच पुढे गप्पूचा नवा खेळ झालं. रोज नवी तक्रार. एका सकाळी तो ताईकडे आला आणि म्हणाला, "माझं मी बोलतो. त्याची उत्तरं तू लिही."

"ज्याला मी ओळखत नाही, त्याचे संवाद कसे लिहू?"

"माझी तरी कुठे नीट ओळख आहे?"

व्याख्यानं ताईने केव्हाच बंद केली होती. देव तिला अजूनही पटला नव्हता, पुढेही पटला नाही. पण तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि विचारलं,

"बरं, सांग. तो चिडका आहे की सोशिक?"