मनुबाईचे सेल

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची मनुबाई मुका पडलेला ट्रान्झिस्टर पदरात गुंडाळून शिरवळला माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आली. मागचं झाकण उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. चारही सेल फुगून फुटले होते. त्यांच्या पाण्यानं आतल्या पट्ट्या पार खाल्ल्या होत्या.

"मावशी, सेल वेळच्या वेळी बदलता येत नाहीत?"

"उन्हात तापवून परत घालत हुते की, बाबा. दीड वरीस."

"उन्हानं मेलेला सेल जिता होतो व्हय?" मी खेकसलो आणि ते सेल दारातल्या खोक्यात भिरकावले. गिऱ्हाइकांचे असले शंभरएक सेल तिथं पडले होते, त्यांत तेही मिसळून गेले. पट्ट्या घासून मी नवे सेल घातले. रेडिओ खणखणीत गाऊ लागला.

तिचं गाण्याकडं लक्षच नव्हतं. "माजं जुनं द्या."

"कशाला?"

"लढाईवर जायच्या सकाळी माज्या जोतीरामनं सोताच्या हातानं घातल्यालं. त्यो काय माघारी आला न्हाई."

मनुबाई खोक्यापाशी बसली आणि एकेक सेल उचलून उजेडात धरू लागली. सगळे फुगलेले, सगळे गंजलेले.

"बाबा, ह्यातलं माज्या पोराचं कंचं?"